वैद्यकीय विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य (महाराष्ट्र)

वैद्यकीय विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य या विषयात एमबीबीएस व पदव्युत्तर विद्यार्थ्यांवरील ताण, त्यांना मिळणारे उपचार आणि त्यांचे मनोविकारशास्त्रातील प्रशिक्षण यांचा विचार होतो. या बाबींची चर्चा सहसा स्वतंत्रपणे केली जाते. प्रत्यक्षात त्या परस्परांत गुंतलेल्या आहेत. मनोरुग्णाकडे पाहण्याची जी दृष्टी विद्यार्थ्याला प्रशिक्षणात लाभते, तीच तो पुढे स्वतःच्या दुखण्यालाही लावतो.

प्रशिक्षण

एमबीबीएसला मनोविकारशास्त्राची स्वतंत्र लेखी परीक्षा नसते. आंतरवासितेतही हा विषय पूर्वी ऐच्छिक होता. २०२१ च्या नियमांनी त्यासाठी दोन आठवडे अनिवार्य केले. सामुदायिक वैद्यकशास्त्राला त्याच वर्षात १२ आठवडे मिळतात.

हे दोन आठवडे किती अपुरे आहेत, ते ग्रामीण ठाणे जिल्ह्यात दिसते. १९०१ मध्ये स्थापन झालेले ठाणे येथील प्रादेशिक मनोरुग्णालय शहरात आहे, तर मुरबाड तालुक्यातील वैशाखरे हे गाव माळशेज घाटाच्या पायथ्याकडे. अशा गावांतील रुग्ण भगताकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, आणि तक्रार सांगतो ती झोप न लागण्याची, डोके दुखण्याची किंवा छातीत धडधडण्याची. तिच्यामागचा नैराश्याचा विकार ओळखण्याची जबाबदारी तेथील एमबीबीएस डॉक्टरवर येते.

ताण आणि कामाचे तास

निवासी डॉक्टरांकडून सलग १२ तासांहून अधिक व आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम सामान्यतः घेऊ नये, असा केंद्र शासनाचा निर्देश १९९२ चा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने २०२४ मध्ये सुचविलेली कमाल मर्यादा मात्र आठवड्याला ७४ तासांची आहे. नवी शिफारस जुन्या निर्देशापेक्षा सैल असावी, यावरूनच प्रत्यक्ष स्थितीची कल्पना येते.

याच कार्यदलाच्या ऑनलाइन सर्वेक्षणात २५,५९० पदवीपूर्व व ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थी सहभागी झाले. आपल्याला मानसिक विकार असल्याचे पदवीपूर्व गटातील २७.८ टक्के, तर पदव्युत्तर गटातील १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी नोंदविले. आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण मात्र अनुक्रमे सुमारे १६ व ३१ टक्के होते. सहभाग ऐच्छिक असल्याने हे आकडे जपून वापरावे लागतात. तरीही पदव्युत्तर गटात त्रास अधिक आणि त्याला आजार म्हणणारे कमी, ही विसंगती लक्षणीय आहे.

केवळ कामाचे तास मोजून हा प्रश्न समजत नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी पदव्युत्तर विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप त्या प्रकरणात झाला आणि महाविद्यालयांतील भेदभावाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

उपचारांतील अडथळे

विद्यार्थ्याला मनोविकारतज्ज्ञ बहुधा स्वतःच्याच महाविद्यालयात उपलब्ध असतो. तेथे केसपेपर शिक्षकांच्या वा वर्गमित्रांच्या हाती पडण्याची भीती असते. परीक्षकच उपचारकर्ता असण्याचीही शक्यता असते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण एकाच इमारतीत वावरणाऱ्यांत तो पाळला जाणे कठीण असते. महाविद्यालयाबाहेरचा एक पर्याय म्हणजे ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस ही निःशुल्क सेवा. १४४१६ या क्रमांकावर ती मराठीतूनही अहोरात्र मिळते, आणि वैशाखऱ्यातील रुग्णासाठीही क्रमांक हाच आहे.