आठ वारांचा किल्ट!

डोंबिवलीचा फडके रोड. गुढीपाडव्याची सकाळ. ढोल घुमतोय, लेझीम छनछनतेय! आणि गर्दीतून कोण येतंय बघ! नऊवारीतल्या जिजाऊ! घोड्यावर झाशीची राणी! आणि तो पाहा, मुंडासं सावरत चाललेला जेमतेम पहिलीतला मावळा!

ही नववर्ष स्वागतयात्रा डोंबिवलीत 1999 साली सुरू झाली. आता ठाण्यात, कल्याणात, गावोगावी अशा यात्रा निघतात.

जुन्या काळातलं माणूस व्हायला सगळ्या जगाला आवडतं बरं का! अमेरिकेतली काही हौशी मंडळी तर अडीचशे वर्षांपूर्वीच्या सरहद्दीवरची माणसं होतात. रानात तंबू ठोकतात, लाकडांच्या जाळावर स्वयंपाक करतात. आणि त्यांतला एखादा घालतो किल्ट!

किल्ट म्हणजे काय? ब्रिटनच्या उत्तरेला स्कॉटलंड आहे. तिथल्या डोंगराळ मुलखातल्या पुरुषांचा हा पोशाख. कमरेपासून गुडघ्यापर्यंत, लोकरीचा, रंगीत चौकड्यांचा.

ओळख बरं, एका किल्टला कापड किती लागत असेल? कमरेचा घेर तर वारभर. मग दोन वार? तीन? अंहं! भरगच्च किल्टला चक्क आठ वार कापड लागतं! आजीच्या नऊवारीपेक्षा फक्त एक वार कमी!

एवढं कापड जातं कुठे? निऱ्यांमध्ये! आपल्या धोतराच्या निऱ्या पुढे येतात. किल्टच्या असतात मागे. पुढून सगळं सपाट, मागून नुसत्या निऱ्याच निऱ्या!

पण खरी धमाल होती जुन्या किल्टमध्ये. तो शिवलेलाच नसायचा! नुसतं एक लांबलचक, रुंद कापड. ते घालायची एक रीत ऐक. आधी जमिनीवर पट्टा ठेवायचा. त्यावर कापड पसरायचं. हाताने निऱ्या घालायच्या. आणि मग त्यावर चक्क आडवं व्हायचं! हो, झोपून कपडे घालायचे! दोन्ही टोकं पोटावर ओढायची, पट्टा आवळायचा आणि उठून उभं राहायचं.

वर उरलेलं कापड खांद्यावर टाकायचं. पाऊस आला की डोक्यावर घ्यायचं. आणि रात्री? पट्टा सोडला की झालं पांघरूण! धनगरदादाच्या खांद्यावरची घोंगडी आठवली ना? डोंगरात, पावसात हिंडणाऱ्या माणसांना दोन्हीकडे सारखीच युक्ती सुचली!

बरं, किल्टला खिसे नव्हते. मग पैसे ठेवायचे कुठे? त्यासाठी कमरेला पुढे एक चामड्याची पिशवी लटकवायची. तिचं नाव स्पोरन.

पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वरचा भाग गेला, खालचा राहिला. तोच आजचा सुटसुटीत किल्ट.

आता कान दे, कारण ही गोष्ट मला फार नवलाची वाटते. एकेकाळी किल्ट घालणं हा गुन्हा होता! स्कॉटलंडच्या डोंगरी लोकांनी राजाविरुद्ध बंड केलं. ते मोडल्यावर 1746 साली कायदाच आला. पुरुषांनी असले कपडे घालायचे नाहीत. मुलांनीसुद्धा नाही! पहिल्यांदा पकडलं तर सहा महिने तुरुंग. पुन्हा पकडलं तर सात वर्षं समुद्रापार हद्दपार! का? तर एका कपड्यासाठी!

सूट फक्त एका माणसाला होती. सांग कोणाला? राजाच्याच फौजेतल्या शिपायाला! घरी किल्ट घातला तर तुरुंग, पलटणीत घातला तर गणवेश! 1782 साली तो कायदा रद्द झाला, पण तोवर तिथल्या मुलांची एक अख्खी पिढी मोठी झाली होती.

आणि या डोंगरी पलटणी कुठवर आल्या माहीत आहे? थेट महाराष्ट्रात! जालना जिल्ह्यात असई नावाचं गाव आहे. तिथे 23 सप्टेंबर 1803 रोजी मोठी लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले. दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्लीची इंग्रज फौज. त्या फौजेत स्कॉटलंडच्या डोंगरी पलटणी होत्या, 74वी आणि 78वी. 78व्या पलटणीचा गणवेश होता किल्ट! शिंद्यांच्या तोफांनी 74व्या पलटणीची दाणादाण उडवली. इंग्रज जिंकले खरे, पण दोन्हीकडची खूप माणसं गेली. घरापासून हजारो मैल दूर आलेली ती स्कॉटलंडची पोरं, आणि आपल्याच मातीत लढून पडलेली ही आपली माणसं. मला दोघांचंही वाईट वाटतं.

त्या लढाईची खूण म्हणून दोन्ही पलटणींना एक चिन्ह मिळालं. कोणतं असेल? हत्ती! स्कॉटलंडच्या पलटणीच्या बिल्ल्यावर आपला हत्ती!

आता समज, तुला 1803चा 78व्या पलटणीतला शिपाई व्हायचंय. मग जमिनीवर झोपून घालायचा जुना किल्ट चालेल का? नाही! तोवर छोटा किल्ट आला होता ना! वर लाल डगला हवा आणि डोक्यावर पिसांची टोपी. म्हणून वेश करताना आधी साल ठरवायचं, मग कपडे. मावळ्याच्या मनगटावर घड्याळ कसं चालेल?

आणि निऱ्यांची एक जादू तर घरीच करता येते! लांब कागदाची पट्टी घे. तिच्यावर हिरवा, निळा, पांढरा, हिरवा, निळा, पांढरा असे सारख्या रुंदीचे उभे पट्टे रंगव. आता निऱ्या अशा घाल की वर फक्त पांढरे पट्टे दिसतील, हिरवे-निळे आत लपतील. पलटणींच्या किल्टला अशाच निऱ्या घालतात, प्रत्येक निरीवर तीच एक रेघ! पट्टी हलव बरं. निऱ्या उघडल्या की आतून हिरवा-निळा डोकावतो! शिपाई चालायला लागला की त्याच्या किल्टचंही अगदी असंच होतं!