धुराला वाट

चूल बांधायला बोलावलेली मावशी घरात शिरली की आधी वर बघते. आढं कुठून जातं, वासे किती अंतरावर आहेत, पत्रा आहे की कौलं, पावसाचा मारा कुठल्या अंगाने येतो. मुळशी खोऱ्यातल्या या घराला मंगलोरी कौलं आहेत आणि स्वयंपाकघरावरचे वासे काजळीने इतके काळे झालेत की लाकूड कुठलं ते सांगता येऊ नये. घरच्या वहिनींनी जुन्या चुलीची जागा झाडून-सारवून तयार ठेवली होती. मावशींनी ती बघितलीसुद्धा नाही. ‘वर वासा हाय बरोब्बर,’ त्या म्हणाल्या. ‘पाइप जिथनं सरळ वर जाईल, तिथं चूल बसंल.’ आणि चूल दीड हात डावीकडे सरकली.

घरात गॅस आहे. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि वाड्या-वस्त्यांवरही सिलिंडर दिसू लागले. पण तो चहाला, पाहुण्यांच्या पोह्यांना. आंघोळीचं पाणी, भात, भाकऱ्या आणि जनावरांचं आंबोण हे सगळं लाकडावर. जळण बांधावरून येतं, त्याला पैसे पडत नाहीत. तेव्हा चूल जाणार कधी हा प्रश्न शहरात बसून विचारायचा. इथला प्रश्न एवढाच, की धूर कुठून जाणार.

हा प्रश्न जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम चालायचं, तिथल्या नावाने ‘मगनचूल’ प्रसिद्ध झाली. हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये धूरविरहित स्वयंपाकघरांवर छोटं पुस्तकच काढलं. पुढे ऐंशीच्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तो २००२ पर्यंत चालला आणि देशभरात तीन कोटींहून जास्त चुली बसल्याची नोंद झाली. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने या कामात बरीच वर्षं घातली. दोन भांड्यांची, धुराड्याची ‘लक्ष्मी’ चूल त्यातलीच. मावशी हे काम त्या काळातल्या एका प्रशिक्षणात शिकल्या. कार्यक्रम बंद झाला, मावशींचं चालू आहे.

माती आदल्या दिवशीच भिजत घातलेली होती. वारुळाची मिळाली तर उत्तम, नाहीतर शेतातली चाळून. त्यात भाताचं तूस आणि शेण. तूस घालायचं कारण मावशींनी हातानेच दाखवलं: ओला गोळा मुठीत दाबला आणि उघडला, भेग नाही. शिवाय पुढे चूल तापली की आतल्या अंगाचं तूस जळून जातं, तिथे बारीक पोकळ्या राहतात आणि उष्णता भिंतीत मुरण्याऐवजी भांड्याला लागते. वहिनींच्या मुलाने विचारलं, सिमेंट का नको? एकदा पक्कं होईल. जाळाजवळ सिमेंट टिकत नाही. तापून-निवून त्याला तडे जातात, आणि तड्यातून धूर येतो. बाहेरून हवं तर लावा, असं त्याला सांगितलं.

मग भांडी मागवली. वहिनींनी नवं चकचकीत पातेलं आणलं, तर मावशी हसल्या. ‘रोजचं आणा.’ काळं पडलेलं भाताचं टोप आलं, तवा आला. टोपाचं बूड ओल्या मातीत दाबून पुढचं तोंड आणि मागचं वैल, दोन्हींचे काठ त्याच मापाने घेतले. भांडं आणि काठ यांच्यात फट राहिली तर धुराड्याला तिथूनच गार हवा मिळते आणि चुलीच्या तोंडाकडची ओढ ढिली पडते. पुढच्या तोंडाखालून मागच्या वैलाकडे जाणारा बोगदा किंचित चढता. वैलाच्या पोटात मातीचा एक उंचवटा, म्हणजे ज्वाळा आणि गरम वायू वर उचलले जाऊन भांड्याच्या बुडाला घासून जातात. तिथून मागे पाइपाकडे वाट. जळणाच्या खाली बिडाची जाळी, तिच्याखाली राखेचा कप्पा. हवा खालून मिळाली तर लाकूड नीट पेटतं, धुमसत नाही.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी असलेली ओढ मात्र किती नाजूक असते! समजा पाइप तीन मीटर उंच आहे, आतला धूर १५० अंश सेल्सिअस आणि बाहेरची हवा ३० अंश. गरम हवा हलकी, गार हवा जड. त्या फरकातून मिळणारी ओढ भरते साधारण पाण्याच्या एका मिलिमीटरएवढ्या दाबाची. तेवढ्यावर घरभराचा धूर बाहेर काढायचा. म्हणून पाइपात आडवा तुकडा नको, वाकण घ्यावंच लागलं तर एकच आणि तेही तिरकं. म्हणून उंची हवी. आणि म्हणूनच पाइप अगदी गारठलेला असताना पहिला धूर उलटा घरात येतो. तेव्हा पाइपाच्या बुडाशी कागदाचा बोळा पेटवून आधी तो तापवून घ्यायचा.

पाइप तीन इंची की चार इंची यावर वहिनींचे सासरे आणि मावशी यांची जुंपली. सरकारी चुलींना तीन इंचीच असायचा, हा सासऱ्यांचा मुद्दा, आणि तो खरा होता. पण तीन इंची पाइपाला आतून सगळीकडे अर्धा इंच काजळी चढली की वाट उरते दोन इंचाची, म्हणजे मूळच्या निम्म्याहूनही कमी. चार इंची आणला गेला. दुकानात मिळतो तो ॲस्बेस्टॉस सिमेंटचा. पत्र्याचा स्वस्त पडतो, पण या पावसात आणि धुरातल्या आम्लात लवकर गंजतो. ॲस्बेस्टॉसचा पाइप कोरडा कापायचा नाही, त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. मावशी दुकानातूनच मापाचे तुकडे आणायला लावतात आणि घासायची वेळ आलीच तर अंगणात, पाणी ओतून, नाका-तोंडाला पदर बांधून. मला विचाराल तर हा पाइप घरात आणण्यापेक्षा खालचा भाग विटांचा बांधून घ्यावा. पण विटा आणि गवंडी यांचा खर्च काढला की बोलणं तिथेच थांबतं.

छपराचं काम मुलाने केलं, मावशी खालून सांगत होत्या. एक कौल काढून तिथे पत्रा. त्याची वरची कड वरच्या कौलाखाली, खालची कड खालच्या कौलावर, म्हणजे पाणी कुठेच आत वळत नाही. पाइपाभोवती पत्र्याची गळपट्टी. आणि रिपा कापून पाइपापासून मागे सारलेल्या. फट राहिली म्हणून मुलगा पोत्याचा बोळा कोंबायला निघाला, तेव्हा मावशी पहिल्यांदा ओरडल्या. गरम पाइपाजवळ सुकं लाकूड, पोतं, प्लास्टिक, गवत काही नको. ते रोज थोडं थोडं भाजत राहतं आणि एखाद्या दिवशी पेट घेतं. अमेरिकेत घर ऊबदार ठेवायच्या लोखंडी शेगड्यांसाठी नियम असा, की एकेरी पत्र्याच्या पाइपापासून जळाऊ वस्तू १८ इंच दूर हवी. इथल्या चुलीचा धूर दोन भांड्यांना उष्णता देऊन पुढे जातो, त्यामुळे तेवढा तापलेला नसतो. तरी मावशी वासा आणि पाइप यांत कोपरापर्यंतचं अंतर राखतात. गवताने शाकारलेलं घर असेल तर त्या छपरातून पाइप काढतच नाहीत. भिंतीतून बाहेर घेऊन लांबून वर नेतात.

उंची किती? आढ्याच्या वर दीड हात. वारा आढ्यावरून पलीकडे उतरतो तेव्हा खाली दाबतो. त्या दाबात पाइपाचं तोंड सापडलं तर धूर परत स्वयंपाकघरात. वर टोपी, पाऊस आत न येण्यापुरती, पण जाळीची नाही. जाळी सगळ्यात आधी काजळीने बुजते.

चूल पेटवून बघताना मावशींनी उदबत्ती लावली आणि भांड्यांच्या काठांभोवती, मातीच्या सांध्यांभोवती फिरवली. धुराची रेघ जिथे आत ओढली गेली तिथे बोटाने माती. चुलीच्या तोंडाशी मात्र ती आत वळली, तेव्हा वहिनींच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. लगेच तक्रारही आली: तोंड लहान आहे, भाकरी जाळाशी उभी करून शेकायची कशी? ही तक्रार खोटी नाही. अशा चुलींची तोंडं बायकांनी फोडून मोठी केल्याचं मावशींनी गावोगाव बघितलंय, आणि तोंड मोठं झालं की धूर पुढूनच येतो. त्यांनी राखेच्या कप्प्यासमोर निखारे ओढून घ्यायला एक उथळ खळगी करून दिली. निखाऱ्यावर भाकरी फुगते, जाळ लागत नाही. पण निखाऱ्यांचीही एक गोष्ट त्या दरडावून सांगतात: थंडीत ते घमेल्यात घालून बंद खोलीत नेऊ नका. निखाऱ्याला धूर नसतो, कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास.

आता मूळ दुखण्याकडे. रेमा हॅना, एस्थर डफलो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशातल्या सुमारे २६०० घरांत धुराड्याच्या मातीच्या चुलींचा काही वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या श्वासातला धूर कमी झाला; पुढे फरक उरला नाही, कारण चुलींची डागडुजी झाली नाही आणि त्या वापरातून जात राहिल्या. मला यात बायकांचा आळस दिसत नाही. चूल बाईची, पण धुराडं छपरावर, आणि छपरावर चढायचा मान पुरुषाचा. त्याला धुराचा त्रास नाही, तो तेव्हा ओटीवर बसलेला असतो. दोघांच्या मध्ये पाइप तुंबतो.

मावशींचा उपाय चुलीच्या मागे, जमिनीपासून हातभर वर आहे: पाइपाच्या बुडाशी एक चौकोनी खिडकी, तिला सैल विटेचं झाकण, फटीला लिंपण. वीट काढायची, लांब कळकाला काथ्या गुंडाळायचा, खालून वर सारायचा, काजळी सुपात घ्यायची. पाइप सरळ असल्यामुळे कळक टोपीपर्यंत पोहोचतो. शिडी नको, कुणाला विनवायला नको. आठवड्यातून एकदा, आणि पावसाळ्यात ओलं सरपण जाळलं तर त्याहून लवकर, कारण ओल्या लाकडाची काजळी भुकटीसारखी सुटी राहत नाही, डांबरासारखी चिकटते. ती साठली तर पाइपातच पेट घेते.

मजुरी ठरली तेव्हा मावशींनी सगळे पैसे घेतले नाहीत. पाव हिस्सा मागे ठेवला. महिन्याने येऊन त्या ती वीट स्वतः काढतात, आत हात घालतात. वाट मोकळी असेल तर राहिलेले पैसे घेतात. तुंबलेली असेल तर वहिनींना शेजारी बसवून त्यांच्याच हातून कळक चालवून घेतात, आणि पैसे त्याच्या पुढच्या महिन्यात.