झोपलेला संगणक जागा होत नसेल तर...



संगणक विभागाकडे वर्षभर ज्या तक्रारी येतात त्यांत एक ठरलेली असते : "सर, कॉम्प्युटर मेला!" जाऊन पाहावे तर संगणक मेलेला नसतो. तो झोपलेला असतो आणि उठायला तयार नसतो. अशा वेळी बहुतेक मुले पॉवरचे बटण दाबून धरतात किंवा भिंतीवरचा स्विच बंद करून पुन्हा चालू करतात. संगणक सुरू होतो खरा, पण तासभर बसून टंकलेला आणि 'सेव्ह' न केलेला मराठी निबंध किंवा विज्ञान प्रकल्पाचा तक्ता कायमचा जातो. घरोघरी पालकांच्या हिशेबांचेही असेच होते. म्हणून या अंकात आम्ही संगणकाची झोप समजावून सांगणार आहोत आणि तो उठत नसेल तर कोणत्या क्रमाने काय करावे, तेही देणार आहोत.

झोप म्हणजे नेमके काय?

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी मिळून 'एसीपीआय' नावाचे एक मानक प्रसिद्ध केले. संगणकाने वीज कशी वाचवावी याचे नियम त्यात आहेत. त्यातल्या तीन अवस्था आपल्या कामाच्या आहेत.

एस-३ म्हणजे आपली नेहमीची झोप, स्लीप. यात प्रोसेसर, डिस्क, पंखे सारे थांबते. फक्त रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी स्मृती, जागी राहते. एस-४ म्हणजे हायबरनेट. यात रॅममधले सगळे डिस्कवर उतरवून ठेवतात आणि मगच वीज तोडतात. एस-५ म्हणजे पूर्ण बंद.

रॅममधील माहिती अतिसूक्ष्म विद्युतभारांच्या रूपात असते आणि हा भार सतत गळत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. देवघरातल्या नंदादीपात तेल घालत राहावे लागते, तसेच हे. झोपेत हे तेल पुरवते ती एसएमपीएसमधून येणारी ५ व्होल्टची राखीव वीज. एवढ्या बारीक धाग्यावर तुमचे काम टांगलेले असते. भिंतीवरचा स्विच बंद केला की धागा तुटला!

आधी पाहा, मग हात लावा

संगणक उठत नसेल तर पुढील पायऱ्या याच क्रमाने कराव्यात. क्रम बदलू नये.

१. कॅबिनेटवरचा दिवा पाहा. झोपेत तो बहुधा लुकलुकतो किंवा त्याचा रंग बदलतो. दिवाच नसेल तर वीज, यूपीएस व मागची वायर तपासा. वीज येत असूनही दिवा नसेल, तर संगणक झोपलेला नसून बंद असण्याची शक्यता जास्त.

२. मॉनिटर पाहा. त्याचा स्वतःचा दिवा लागला आहे का? केबल सैल आहे का? मॉनिटरला दोन जोडण्या असतील तर तो चुकीच्या जोडणीकडे पाहत नाही ना? मॉनिटर एकदा बंद करून चालू करा. पुष्कळदा उठायचा राहतो तो मॉनिटर, संगणक नव्हे.

३. कॅप्स लॉक दाबा. ही सर्वांत उपयोगी परीक्षा आहे. कळ दाबल्यावर कीबोर्डवरचा छोटा दिवा लागत-विझत असेल तर संगणक जागा आहे, फक्त चित्र येत नाही. अशा वेळी विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या चार कळा एकदम दाबा. चित्र दाखवणारी यंत्रणा त्याने नव्याने सुरू होते आणि उघडलेले काम जागच्या जागी राहते.

४. कॅप्स लॉकचा दिवा हलत नसेल तरच पॉवरचे बटण एकदा दाबून लगेच सोडा. झोपलेला संगणक त्याने उठतो. जागा असलेला संगणक मात्र याच बटणाने झोपू किंवा बंद होऊ शकतो. म्हणूनच तिसरी पायरी आधी ठेवली आहे.

५. दोन मिनिटे थांबा. संगणक हायबरनेटमध्ये गेला असेल आणि डिस्क जुनी असेल तर उठायला वेळ लागतो. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर त्याला त्याचे काम करू द्या.

६. एवढे करूनही उपयोग झाला नाही तर पेन ड्राइव्ह व इतर जोडण्या काढा आणि पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा. हा शेवटचा उपाय आहे. रॅममधले काम यात जाते. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर वर्ड किंवा लिबर ऑफिस आधी उघडून पाहा. हे प्रोग्रॅम ठरावीक मिनिटांनी एक राखीव प्रत ठेवतात. ती परत मिळवायची का, असे त्यांनी विचारले तर 'हो' म्हणा. घाईने ती खिडकी बंद करू नका.

दुखणे वारंवार होत असेल तर

एकदा झाले तर सोडून द्यावे, पण आठवड्यातून दोनदा झाले तर कारण शोधावे. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. सेटिंगमध्ये जाऊन स्लीपची वेळ 'नेव्हर' करा, पण मॉनिटर बंद होण्याची वेळ तशीच ठेवा. असे आठ दिवस वापरून पाहा. तरीही पडदा काळा राहिला तर दोष मॉनिटरचा, केबलचा किंवा चित्रयंत्रणेचा आहे. त्रास पूर्ण थांबला तर दोष झोपेत जाण्या-येण्यात आहे. मग पुढील गोष्टी तपासा.

उठवण्याची परवानगी : डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डवर जाऊन प्रॉपर्टीजमधील पॉवर मॅनेजमेंट पाहा. या उपकरणाने संगणक जागा करावा, अशा अर्थाच्या ओळीपुढे खूण हवी. माऊससाठीही तसेच करावे. कीबोर्ड हबवर लावला असेल तर तो थेट मागच्या सॉकेटमध्ये लावा.

ड्रायव्हर : झोपेतून उठल्यावर चित्र न येण्यामागे ग्राफिक्सचा ड्रायव्हर हे फार नेहमीचे कारण आहे. तो निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. नवा ड्रायव्हर घातल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून आधीच्या ड्रायव्हरवर परत जाता येते.

फास्ट स्टार्टअप : विंडोज ८ (२०१२) पासून ही सोय आली. ती चालू असली की 'शट डाउन' केले तरी संगणक पूर्ण कोरा होत नाही. प्रणालीचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो आणि बिघडलेली अवस्था दुसऱ्या दिवशीही तशीच राहू शकते. 'रीस्टार्ट' केल्याने मात्र खरी नवी सुरुवात होते. त्रास असेल तर काही दिवस ही सोय बंद करून पाहावी.

बटण-सेल : संगणकाचे घड्याळ सारखे मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर-२०३२ सेल संपत आला असे समजावे. तो संपला की बायॉसमधील जुळण्या पुसल्या जातात आणि त्यांत झोपेच्याही असतात. हा सेल अगदी स्वस्त असतो.

रॅम व धूळ : बेळगावसारख्या ठिकाणी पावसाळाभर हवा दमट असते. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. वायर काढून, रॅम बाहेर घेऊन त्या पट्ट्या स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या की पुष्कळदा काम होते. मुलांनी मात्र हे एकट्याने करू नये. शिक्षकांना किंवा जाणकाराला बोलवावे.

एसएमपीएस : उठताना संगणक एकदम जास्त वीज ओढतो. जुना एसएमपीएस तेवढी देऊ शकला नाही तर यंत्र उठता उठता अडखळते. त्याचा डबा कोणीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही आत धोकादायक भार शिल्लक असतो. तो सरळ बदलावा.

विश्वस्त व पालकांसाठी

झोपेतला डेस्कटॉप जाग्या संगणकापेक्षा फारच कमी वीज घेतो, त्यामुळे मधल्या सुटीत झोप योग्यच आहे. सायंकाळी मात्र कक्षाचा मुख्य स्विच बंद करण्यापूर्वी सर्व यंत्रे 'शट डाउन' झाली आहेत ना, हे पाहणे आवश्यक आहे. हे सेवकवर्गालाही समजावून सांगावे, कारण झोपलेला संगणक बाहेरून बंदच दिसतो. डेस्कटॉपवर 'हायब्रिड स्लीप' ही सोय मिळत असेल तर ती चालू करावी. तीत रॅमबरोबर डिस्कवरही प्रत राहते, म्हणून वीज गेली तरी काम वाचते.

आणखी एक विनंती. "उठत नाही" एवढ्या कारणाने संगणक निर्लेखित करण्याच्या यादीत टाकू नये. वर दिलेली परीक्षा आधी व्हावी. सेल, केबल किंवा एसएमपीएस बदलून जे यंत्र आणखी दोन-तीन वर्षे चालेल, त्यावर आपलीच मुले मराठी टंकन शिकणार आहेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुन्या यंत्रांचा विचार करावाच लागेल. पण तो नीट तपासणी करून व्हावा, एवढेच आमचे म्हणणे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही एवढे एकच करा. जागेवरून उठण्यापूर्वी कंट्रोल आणि एस या दोन कळा दाबा. मग संगणक झोपो, अडून बसो की वीज जावो, तुमचे काम डिस्कवर सुरक्षित राहील. आणि शेजारच्या मित्राचा पडदा काळा दिसला तर स्विचकडे धावू नका. त्याला आधी कॅप्स लॉक दाबायला सांगा.