ऐकण्याची खोली (लेखांक ७) : एक मोठा की दोन लहान?

तबल्याचं एखादं रेकॉर्डिंग लावा आणि फक्त डग्ग्याकडे कान द्या. पुडीवरून मनगट सरकतं तसा नाद खालून वर चढत जातो. ही चढण सलग ऐकू यायला हवी. बहुतेक घरांत मात्र तिच्यातला एक टप्पा अंगावर येतो आणि पुढचा गायब होतो. दोष स्पीकरचा नसतो, खोलीचा असतो.

५ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद दिवाणखाना घ्या. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की ३४ हर्ट्झ येतात; रुंदीच्या दुपटीने भागलं तर ४९. हे खोलीचे स्वतःचे अनुनाद. त्यांचा दाब समोरासमोरच्या भिंतींपाशी सर्वाधिक आणि मधोमध जवळजवळ शून्य. म्हणून मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर घुमघुमाट, तर मधल्या खुर्चीत तोच स्वर बेपत्ता. आपल्या वीट-काँक्रीटच्या भिंती हे दुखणं वाढवतात. अमेरिकेतल्या जिप्सम बोर्डाच्या भिंती थरथरून थोडा बेस गिळतात तरी. आपल्या जवळपास सगळा परत पाठवतात.

यावर दुकानदार मोठा सबवूफर सुचवतो. घेऊ नका. मोठ्या डब्याने घुमघुमाटही मोठा होतो. इक्वलायझरने फुगवटा कापता येतो, खड्डा भरता येत नाही: जितकी शक्ती ओताल तितकीच भिंतीवरून परतलेली लाट ती खोडते.

त्याच पैशांत दोन लहान घ्या. एक पुढच्या भिंतीच्या मधोमध, दुसरा मागच्या. ३४ हर्ट्झच्या अनुनादात एका टोकाला दाब वाढतो तेव्हा दुसऱ्या टोकाला तो घटत असतो. दोन्ही टोकांनी एकाच वेळी सारखाच रेटा दिला, की झोपाळा दोघांनी समोरासमोरून ढकलल्यासारखं होतं. तो हलतच नाही. ४९ हर्ट्झचं तर त्याहून सोपं. दोन्ही सबवूफर त्याच्या शून्यरेषेवरच बसलेले, त्यामुळे तो जागाच होत नाही. खोलीचा रोग खोलीच्याच गणिताने बरा होतो, आणि या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट मला हीच वाटते.

लांबीचा दुसरा अनुनाद, सुमारे ६९ हर्ट्झचा, मात्र उरतो. त्यात दोन्ही टोकांना दाब एकदमच वाढतो, म्हणून दोघं मिळून त्याला बळच देतात. मध्यावर त्याचा दाब उलटा असतो. डाव्या-उजव्या भिंतींच्या मधोमध आणखी दोन ठेवले की तोही शमतो.

हर्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात आयताकृती खोलीसाठी अशा कितीतरी मांडण्या तपासल्या. चारच्या पुढे जाऊन फारसा फायदा नाही, आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावरचे दोनही चारांच्या फार मागे नाहीत, असं त्यांना आढळलं. ध्वनितज्ज्ञ अर्ल गेडीस यांना ही सममिती गरजेची वाटत नाही. ते सबवूफर खोलीभर विखरून ठेवायला सांगतात. आपल्या फ्लॅटमधला हॉल बहुधा एका बाजूने जेवणाच्या जागेत उघडतो, तिथे सममितीचं गणित बिघडतंच. अशा हॉलसाठी मी गेडीस यांचं ऐकेन.

दोन्ही सबवूफर शक्यतो एकाच मॉडेलचे असावेत. मोजमाप एकेकाचं घेऊ नका, दोन्ही चालू ठेवून घ्या; इक्वलायझरला हात सगळ्यात शेवटी. आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे स्वर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झच्या फार वर नेऊ नका, नाहीतर आवाज मागच्या डब्यातून येतोय हे कानाला कळायला लागतं.