भूछत्रातून दीपछत्र

पावसाळ्याच्या आरंभी कुजलेल्या ओंडक्यावर किंवा पेंढ्याच्या गंजीच्या पायथ्याशी एका रात्रीत उगवलेली भूछत्रे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. त्यांचा उपयोग फार तर भाजीपुरता, असा आपला समज असतो. परंतु गेल्या काही वर्षांत याच बुरशीपासून घरातील दिव्यांच्या छत्र्या तयार होऊ लागल्या आहेत. खरे तर त्या घडवल्या जात नाहीत, वाढवल्या जातात. ही छत्री कशी वाढते आणि तिला पर्यावरणस्नेही म्हणणे कितपत योग्य ठरते, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

मूळ जीव कोणता?

भूछत्र म्हणजे संपूर्ण बुरशी नव्हे. ते तिचे केवळ फळ होय. तिचे खरे शरीर म्हणजे पांढऱ्या सुतासारख्या सूक्ष्म तंतूंचे जाळे. शास्त्रीय परिभाषेत त्याला कवकजाल म्हणतात. हे तंतू लाकूड, पेंढा, भुसा यांत शिरतात, पाचक द्रव्ये सोडून त्यांचे विघटन करतात आणि त्यांवरच पोसले जातात. तंतूंच्या भित्तिकेत कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो. कोळंबीच्या आणि खेकड्याच्या कवचातही हाच पदार्थ आढळतो. पेंढ्याचे सुटे तुकडे या तंतूंनी एकमेकांशी जखडले गेले की कोणत्याही डिंकाशिवाय एकजीव व हलका गोळा तयार होतो. साचा ज्या आकाराचा, त्याच आकाराची वस्तू हाती येते.

प्रारंभ कोठे झाला?

अमेरिकेत एबेन बायर आणि गेविन मॅकइंटायर या दोन तरुणांनी २००७ साली इकोव्हेटिव्ह ही कंपनी स्थापन केली. शेतातील टाकाऊ पदार्थांवर कवकजाल वाढवून वेष्टनासाठी थर्माकोलला पर्याय द्यावा, हा त्यांचा हेतू होता. दिव्यांकडे वळले ते कलावंत. न्यूयॉर्क येथील डॅनिएल ट्रोफ यांनी याच तंत्राने टांगत्या दिव्यांच्या छत्र्या वाढवल्या. डेन्मार्कच्या योनास एडवर्ड यांनी धिंगरी अळिंबीचे तंतू व वनस्पतींचे धागे यांतून दिवा साकारला. त्यावर उगवलेली अळिंबी खाण्यासाठी काढून घ्यायची आणि उरलेला भाग वाळवून त्याची छत्री करायची, अशी त्यांची कल्पना! इंग्लंडमध्ये सेबॅस्टियन कॉक्स व निनेला इव्हानोव्हा यांनी २०१७ साली लाकडासोबत बुरशी वाढवून दिवे आणि बैठी स्टुले लोकांसमोर मांडली.

छत्री कशी वाढवतात?

प्रथम पेंढा बारीक कापून भिजवतात आणि सुमारे ८० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवतात. त्यामुळे इतर बुरशींचा उपद्रव कमी होतो. पेंढा निथळून थंड झाल्यावर मुठीत दाबला असता पाणी ठिबकता कामा नये. मग त्यात धिंगरीचे बियाणे, म्हणजेच स्पॉन, स्वच्छ हातांनी मिसळतात. एकात एक बसणारी दोन भांडी हाच सोपा साचा होय. दोहोंमधील दोन-तीन सेंटिमीटरच्या पोकळीत हे मिश्रण दाबून भरतात आणि हवेसाठी छिद्रे असलेल्या प्लास्टिकने झाकतात.

यानंतर सुमारे २५ अंश तापमानात एक ते दोन आठवडे ते तसेच ठेवायचे. तंतूंच्या वाढीसाठी उजेड लागत नाही. दिव्याची छत्री वाढते ती अंधारात! पेंढा पूर्ण पांढरा झाला की छत्री साच्यातून काढतात, आधी वाऱ्यावर सुकवतात आणि मग मंद भट्टीत काही तास वाळवतात. या उष्णतेने बुरशी मरते व वाढ थांबते. ही पायरी टाळल्यास छत्रीवर अळिंबी उगवू शकते आणि तिचे बीजाणू घरभर पसरतात. दम्याच्या रुग्णांना ते बाधक ठरतात. वाढीच्या काळात हिरवे डाग दिसले, तर तो साचा निःसंकोचपणे टाकून द्यावा.

अशा छत्रीत एलईडी दिवाच लावावा. जुने तारेचे बल्ब बहुतांश वीज उष्णतेत दवडतात. वाळलेल्या पेंढ्याजवळ अशी उष्णता नको. दिवा छत्रीला टेकू देऊ नये आणि जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी.

मर्यादा

ही छत्री जाड असल्याने प्रकाश तिच्यातून आरपार जात नाही. तो खालीच पडतो. जेवणाच्या मेजावर ती शोभेल, पण संपूर्ण खोली उजळणार नाही. शिवाय ती ओलावा शोषून घेते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तिच्यावर दुसरी बुरशी चढण्याचा संभव आहे. न्हाणीघर किंवा उघडा ओटा ही तिची जागा नव्हे.

याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. उपयोग संपल्यावर छत्री तोडून खताच्या खड्ड्यात टाकली की ती मातीत मिसळते. परंतु वायर, होल्डर आणि एलईडीमधील इलेक्ट्रॉनिक भाग मातीत मिसळत नाहीत. त्यांची रवानगी ई-कचरा संकलनाकडेच व्हावयास हवी. पाणी तापवण्यास व भट्टीत वाळवण्यास लागणारे इंधनही हिशेबात धरावे लागते. घरातील धडधाकट छत्री फेकून त्या जागी बुरशीची छत्री आणणे ही काटकसर नव्हे. ती निव्वळ हौस होय. जुनी छत्री निकामी झाल्यावर नवी घेताना मात्र हा पर्याय निश्चितच विचारात घ्यावा.

आपल्याकडे काय शक्य आहे?

महाराष्ट्र शासनाने २०१८ साली प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. तेव्हापासून सजावटीसाठी दुसरे काय वापरावे, हा प्रश्न अनेक घरांत विचारला गेला. आपल्या भागात भाताचा पेंढा मुबलक आहे. धिंगरी अळिंबीची लागवड करणारे शेतकरीही राज्यात आहेत. कच्चा माल परदेशातून आणावा लागणार नाही. हवी ती स्वच्छता, चिकाटी आणि दोन-तीन फसलेले साचे सोसण्याची तयारी.

वस्तू विकत घेताना ती किती दिवस टिकेल, हे आपण विचारतो. ती टाकून दिल्यावर कोठे जाईल, हे सहसा विचारत नाही. पेंढ्याची ही साधी छत्री आपल्याला तोच दुसरा प्रश्न विचारावयास शिकवते. तो प्रश्न दिव्यापुरता राहू नये, इतकीच आमची अपेक्षा!