मानसिक विकारांचे वर्गीकरण आणि आपल्या वर्गातील शब्द

हजीरा व सुरत परिसरातील वर्गांत मराठी, उर्दू, गुजराती, हिंदी अशा अनेक भाषांच्या घरांतून मुले येतात. एखादा विद्यार्थी महिनाभर गप्प राहू लागला, तर एका घरी ‘बाहेरचं झालंय’ म्हणतात, दुसऱ्या घरी ‘असर है’, आणि स्टाफरूममध्ये ‘डिप्रेशन’ किंवा ‘नाटक’. ही सर्व नावे म्हणजे एक प्रकारचे वर्गीकरणच होय. पुढे त्या मुलाला कोठे नेले जाईल, हे बहुधा या पहिल्या नावावरच ठरते. म्हणून वैद्यकशास्त्र ही नावे कशी ठरवते, हे शिक्षकांनी जाणून घेणे आवश्यक वाटते.

हा प्रयत्न नवा नाही. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत : चार शरीरातील दोषांमुळे होणारे व एक आगंतुक, म्हणजे बाहेरून येणारा. इब्न सीनाने ‘अल्-कानून’मध्ये मालीखुलियाचा विचार मेंदूच्या विकारांबरोबर केला. आपल्या दृष्टीने अधिक लक्षणीय नाव अबू जैद अल्-बल्खी (मृत्यू इ. स. ९३४) यांचे आहे. त्यांनी मनाच्या त्रासाचे राग, भय, दुःख व वसवसे असे चार गट केले. दुःखातही, ज्याचे कारण माहीत आहे ते आणि ज्याचे कारण सापडत नाही ते, असा भेद केला. हजार वर्षांपूर्वीचा हा भेद आजच्या वाचकालाही ओळखीचा वाटेल.

आज जगभर दोन वर्गीकरणे प्रचारात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी’मध्ये मानसिक विकारांचे स्वतंत्र प्रकरण १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत आले, अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारली गेली व २०२२ पासून लागू झाली. दुसरे अमेरिकन मानसोपचार संघटनेचे ‘डीएसएम’, ज्याची पहिली आवृत्ती १९५२ ची. क्षयाचे जंतू थुंकीच्या तपासणीत दिसतात, तशी तपासणी बहुतेक मानसिक विकारांसाठी उपलब्ध नाही. म्हणून ही वर्गीकरणे तीन गोष्टींवर उभी आहेत : लक्षणे कोणती, किती काळ, आणि त्यांमुळे दैनंदिन जीवन किती अडते.

उदाहरणार्थ, आयसीडी-११ नुसार नैराश्याच्या निदानासाठी दहापैकी किमान पाच लक्षणे, किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ व जवळजवळ रोज असावी लागतात. परीक्षेत नापास झाल्यावर चार दिवस न जेवणारा मुलगा या चौकटीत बसत नाही. याउलट, वुजू नीट झाला नाही या शंकेने दररोज तासाहून अधिक वेळ नळाखाली हात धूत बसणारी मुलगी घरी ‘फार दीनदार’ ठरते, आणि तिचा त्रास कोणी विचारतही नाही. आपल्याकडे ज्याला वसवसा म्हणतात, त्याचा एक भाग आज मंत्रचळ, म्हणजे ‘ओसीडी’, या नावाखाली येतो. सगळाच येतो असे मात्र नव्हे.

पाश्चात्त्य चौकट जशीच्या तशी आपल्याकडे लागू पडते काय, हा प्रश्न भारतीय तज्ज्ञांनीच प्रथम विचारला. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. पुढे ते आयसीडी व डीएसएम दोन्हींत नोंदले गेले. १९६७ मध्ये विग व गुरमीत सिंग यांनी भारतासाठी स्वतंत्र वर्गीकरणही सुचवले. ‘अंगात येणे’ किंवा दर्ग्यातील ‘हाजिरी’ यांबाबत आयसीडी-११ ची भूमिका सावध आहे. अशी अवस्था समाजमान्य धार्मिक प्रथेचा भाग असेल, तर तो विकार नव्हे; ती इच्छेविरुद्ध येत असेल आणि त्रास देत असेल, तरच निदानाचा विचार करावा.

श्रद्धा व उपचार यांना परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही, हे गुजरातमध्येच दिसून आले. मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात राज्य शासन व एका स्वयंसेवी संस्थेने ‘दवा-दुआ’ उपक्रम राबवला. मुजावरांना लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण दिले गेले. दुआ झाली की तेच रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवू लागले. तमिळनाडूतील एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक रुग्ण आगीत मरण पावले. त्या घटनेशेजारी ठेवून पाहिले म्हणजे उनाव्याचे महत्त्व कळते.

कायद्याची भाषाही बदलली आहे. १९१२ चा कायदा ‘ल्युनसी’चा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे मानसिक आजार हा आयसीडीसारख्या मान्य वैद्यकीय निकषांवरच ठरवावा लागतो. एखाद्याचा धर्म, जात, आर्थिक स्थिती, किंवा समाजाच्या नैतिक व धार्मिक मूल्यांशी त्याचे न पटणे, हा त्याचा आधार होऊ शकत नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्यावरूनही कोणाला आजारी ठरवता येत नाही.

म्हणून वर्गशिक्षकाच्या नोंदीत ‘मनोरुग्ण’, ‘सायको’ असे शब्द नसावेत. ‘तीन आठवडे झोप नाही, डबा तसाच परत जातो, मित्रांशी बोलत नाही’ एवढे लिहिले तरी डॉक्टरांना त्यातून लक्षण, काळ व परिणाम तिन्ही मिळतात. पालक दवाखान्यात जाण्यास कचरत असतील, तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक त्यांना द्यावा. तेथे प्रादेशिक भाषांतही बोलता येते.