मांडवीतली जहाजे आणि कापसाचा आकडा

अमरावती-अकोल्याची मुले गोव्याची सहल करून आली की, समुद्राच्या फोटोंबरोबर आणखी एक फोटो दाखवतात: रात्री मांडवी नदीत दिव्यांनी झगमगणारे कॅसिनोचे जहाज. तो जुगार तेथे आला कसा, हे मात्र कोणी विचारीत नाही.

१९७६ साली दोन कायदे झाले. गोवा, दमण व दीवचा कायदा जुगार बंद करण्यासाठी होता, तर महाराष्ट्राचा कॅसिनोला परवाना देऊन कर घेण्यासाठी. घडले नेमके उलटे. गोव्याने १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे चालू दिली आणि १९९६ मध्ये जहाजांवरच्या जुगारालाही वाट करून दिली. महाराष्ट्राचा कायदा कधी अमलातच आला नाही. पर्यटन वाढेल, महसूल मिळेल, असे सांगून तो लागू करा म्हणणारे अधूनमधून निघत. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. या एका बाबतीत आपले राज्य शहाणे ठरले, असे म्हणायला हरकत नाही.

गोव्यात मात्र एक गंमत आहे. फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांनाच कॅसिनोत जायला बंदी आहे. प्रवेश फक्त बाहेरच्यांना, म्हणजे तुमच्या-आमच्या मुलांना. यजमान जे ताट आपल्या लेकरांपुढे ठेवत नाही, ते पाहुण्याने का खावे? प्रवेशाच्या तिकिटात बहुधा दारूही धरलेली असते. सूरह माइदामध्ये दारू आणि जुगार एकाच आयतीत मना केले आहेत, ते उगीच नाही.

आपल्या वऱ्हाडाला जुगार नवा नाही. मटका जन्मला तोच कापसाच्या भावातून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते आणि बंद होते भाव मुंबईला येत, त्यावर लोक पैसे लावीत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथलेच. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे थांबले, तेव्हा माठातून चिठ्ठ्या काढणे सुरू झाले. आमचा शेतकरी उन्हातान्हात राबून कापूस पिकवी आणि त्याच्याच भावावर मुंबईत संसार बुडत!

हिशेब दोन्हीकडे सारखाच. मटक्यात आकडे दहा आणि एका रुपयाला मिळतात साधारण नऊ. दहाही आकड्यांवर शंभर-शंभर लावले तर हजार जातात, नऊशे येतात. रूलेटच्या चाकावर शून्य धरून घरे ३७, पण सगळ्यांवर शंभर-शंभर लावले तर ३७०० तले हाती येतात ३६००. उरलेले शंभर दर फेरीला मालकाचे. नशीब खेळणाऱ्याचे फिरते, मालकाला नशिबाची गरजच नसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तरी चोरून चालणारी ॲप फोनवर सापडतातच, आणि पैसे एका बोटाने जातात. कापसाचे पैसे ज्या खात्यात जमा होतात, त्याचे पासबुक या हंगामात महिन्यातून एकदा नवरा-बायकोने सोबत बसून पाहावे. मुलगा कमावता असेल तर त्यालाही बसवावे.